हळदीच्या कुकरामागची शाळा

आज सकाळी दूध घालून परत येताना वाऱ्यावर तो वास आला आणि मी सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेला थांबले. कुणाच्या तरी रानात यंदाची पहिली हळद शिजत होती. ओल्या मातीचा, आल्याचा, उकडलेल्या रताळ्याचा असे वास एकत्र करावेत आणि त्यावर थोडा कडवटपणा शिंपडावा, तसा तो वास असतो. कपड्यांत शिरला की आठवडाभर जात नाही. माझ्या डोक्यात तर तो एका ठरावीक वर्षापासून मुक्कामालाच आहे. त्या वर्षी माझी दोन्ही मुलं शाळा सोडून आमच्याबरोबर फिरली होती आणि त्यांची बाई मी होते.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीच्या वरच्या अंगाचं. माझे यजमान जोतिराम यांचा हळद शिजवायचा कुकर आहे. घरातला कुकर डोळ्यांपुढे आणू नका. ट्रॅक्टरमागं ओढायचं ते एक धूड असतं. खाली भट्टी, मध्ये पाण्याची टाकी आणि भोवती चार लोखंडी ड्रम. ड्रममध्ये हळद भरायची, वाफ सोडायची, शिजली की ड्रम उलटा करायचा. माघात हळद काढणी सुरू झाली की हे धूड घराबाहेर पडतं ते पाडव्याच्या पुढंमागंच परततं. आज या रानात, चार दिवसांनी पुढच्या गावात. कधी कराडकडं, कधी वाईकडं, कधी खाली मिरजेपर्यंत.

एरवी मी घरी असायचे. त्या वर्षी मात्र दोन गोष्टी एकदम झाल्या. जोतिरामांबरोबर दरवर्षी जाणारा भागीदार स्वतःचा कुकर घेऊन वेगळा झाला. आणि माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी धाकट्या दिरांकडे गेल्या. दीर मिलिटरीत, त्यामुळे तिकडच्या दवाखान्यात सगळी सोय होती. मागं घरात मुलांना बघायला कुणी उरलं नाही आणि कुकरावर दुसरा माणूसही उरला नाही.

जोतिराम मोजकं बोलणारे. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि जेवताना म्हणाले, "तू चल की संगं. पोरं बी येतील."

"आणि शाळा?"

"तू शिकलेली हायस की."

मी खंडाळ्याची. वडील एसटीत कंडक्टर होते, त्यांनी मला बी.ए. करून दिलं. त्या बी.ए.चा लग्नानंतर कुणी असा थेट उपयोग सांगितला नव्हता. मला मनातून बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

शाळेत जाऊन शिंदे बाईंना भेटले. श्रावणी चौथीला होती, शौर्य पहिलीला. बाईंनी हजेरीपट चाळला. मग म्हणाल्या, "पेपरला आणून बसवा. अभ्यास मी मोबाईलवर टाकत जाईन. पण मोठीचं वाचन सुटू देऊ नका." एवढ्यावर काम झालं. मी खूश होऊन घरी आले आणि श्रावणीला सांगितलं.

तिनं हातातला घास ताटात ठेवला. "आणि गॅदरिंग?"

तिच्या वर्गातल्या आठ मुलींचा नाच बसला होता. ती दुसऱ्या रांगेत होती. गॅदरिंग आठ दिवसांवर होतं आणि आम्हाला निघायचं होतं तिसऱ्या दिवशी. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. नऊ वर्षांची मुलगी अबोला धरते तेव्हा तो मोठ्या माणसाच्या अबोल्यापेक्षा जड असतो. कारण तिला तो सोडायचा कसा ते माहीत नसतं.

मी मात्र जोरात तयारी केली होती. सामानासाठी कुकरामागं जोडलेल्या ट्रॉलीच्या एका फळक्याला बाहेरून काळा रंग दिला, त्यावर खडूनं लिहिता येत होतं. वेळापत्रक केलं. सकाळी मराठी, मग गणित, दुपारी परिसर अभ्यास. पहिल्या मुक्कामी पत्र्याच्या शेडसमोर दोघांना पोत्यावर बसवलं, हजेरीसुद्धा घेतली. शौर्य "हजर" म्हणून ओरडला. श्रावणी गप्प.

"श्रावणी जोतिराम," मी पुन्हा म्हटलं.

"तू बाई न्हाईस, मम्मी," ती शांतपणे म्हणाली. "मी तुझ्या म्होरंच बसलेय. दिसत न्हाई व्हय?"

पलीकडं ड्रममधून हळद उलटणाऱ्या बायका हसल्या. मीही हसले, पण मला ते लागलं.

वेळापत्रक चार-सहा दिवसांत मोडलं. ते मोडायचंच होतं. मराठीच्या तासाला भट्टीत उसाचं पाचट सारायला हाक यायची, गणिताच्या वेळी पाण्याचा टँकर. फळ्यावर मी भागाकार मांडायचे आणि वाफेचा लोट येऊन आम्ही तिघंही एकमेकांना दिसेनासे व्हायचो. त्या वाफेत शौर्य खिदळत बसायचा. वाफ विरली की त्याच्या भुवयांवर बारीक थेंब असायचे.

शौर्य वाचायला शिकला तो मात्र फळ्यावर नाही. कुकर ओढत ट्रॅक्टर रस्त्यानं निघाला की आम्ही दोघं ट्रॉलीत गाद्यांवर बसायचो आणि ट्रॅक्टर इतका हळू जायचा की रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचून व्हायची. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागं लिहिलेलं, रसवंतीच्या गाड्यावरचं, खताच्या दुकानावरचं. 'ट' त्याला ट्रॅक्टरमुळं आला, 'ऊ' उसामुळं. 'ण' काही केल्या येईना. शेवटी एका भिंतीवर 'लसूण मिळेल' असं दिसलं. ते तो सबंध मैलभर म्हणत राहिला. कराड जवळ आलं तेव्हा लांबूनच पाटी बघून त्यानं "क, रा, ड" असं तोडून म्हटलं आणि मग एकदम गप्प होऊन माझ्याकडे पाहिलं. ही तीन अक्षरं म्हणजे आपण ज्या गावाला चाललोय तेच, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. मुलाला वाचता येणं म्हणजे काय, ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं. शाळेत ते शिंदे बाईंना दिसलं असतं. त्या वर्षी ते माझ्या वाट्याला आलं.

कराडजवळच्या एका मळ्यात आमचा मुक्काम जरा लांबला. मळा एका निवृत्त सुभेदारांचा होता. सगळे त्यांना आबा म्हणत. ताठ माणूस, रोज दाढी, पायात बूट. सकाळी खुर्ची टाकून हळदीवर देखरेख करायचे. एका सकाळी त्यांनी श्रावणीला जवळ बोलावलं.

"कितवीला गं तू?"

"चौथी."

"बरं. महाराष्ट्राची उपराजधानी कंची?"

श्रावणी पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी राहिली.

"आठ सत्ते?"

तिनं मान वर केली नाही. ड्रमजवळच्या बायकांचे हात थांबले होते. मी विळीवरून उठून जवळ आले.

"कवापास्नं शाळा बंद हाय हिची?" आबांनी मला विचारलं.

"बंद नाही आबा. मी घेते शिकवून."

"आवं ताई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त बोचलं. "माझी पोरं बी लय हिंडली. जम्मू, आसाम, कुठं कुठं. पर बदली झाली की पयली शाळा बघायची, मग क्वार्टर. वरीस वाया घालवू नका पोरीचं."

जोतिराम भट्टीसमोर होते. त्यांनी ऐकलं. जाळ सारायचं लाकूड हातात तसंच धरून राहिले.

दुपारी मी आणि श्रावणी विहिरीच्या मोटारीच्या हौदावर भांडी घासत होतो. मी विचारलं, "खरंच आठवलं नाही का गं?"

"नागपूर. छप्पन्न," ती म्हणाली. "समदं येत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं तांब्या पाण्याखाली धरला आणि तो भरून वाहीपर्यंत धरून ठेवला. "सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघा, शाळंची गरजच न्हाई."

मी घासलेलंच ताट पुन्हा घासायला घेतलं. कारण मी खरंच तसं म्हणाले असते. आबांना नाही, पण रात्री जोतिरामांना नक्की. मुलीच्या अभ्यासात माझं काहीतरी अडकलेलं होतं, आणि ते तिला माझ्या आधी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला सरळ विचारलं. तुला परत शाळेत जायचंय का? माझा भाऊ खंडाळ्याला असतो, मामी घरीच असते, तिथल्या शाळेत दोन महिने बसता येईल. मी मामीशी फोनवर बोलूनही ठेवलं होतं.

"आणि शौर्य?"

"तो लहान आहे. तो राहील आमच्याबरोबर."

"उद्या सांगते," म्हणाली. तो उद्या आला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. आम्ही कराड सोडलं, सांगलीकडे उतरलो, आणि ती ट्रॉलीत गाद्यांवर बसून होती. हेच तिचं उत्तर, असं मी धरून चालले.

त्यानंतर मी हजेरी घेणं सोडलं. शिंदे बाईंनी टाकलेला अभ्यास सकाळी करायचा, बाकी जसं जमेल तसं. फळ्यावर मी काही लिहायचे नाही. काळा फळका मोकळा राहू लागला.

फळ्यावर पुन्हा खडू उठला तो सांगलीजवळ, माधवनगरच्या पुढं, एका ओढ्याकाठच्या रानात. श्रावणीनं शाळेचा पांढरा शर्ट बरोबर आणला होता आणि हट्टानं अधूनमधून घालायची. एका दुपारी शौर्य हळदीच्या ढिगावरून घसरत आला आणि त्यानं तिची पाठ धरली. पांढऱ्या शर्टावर पिवळेजर्द पाच बोटं. तिनं रडत शर्ट काढला, पाण्यावर गेली, साबणाची वडी घासली आणि जोरात हाक मारली.

"मम्मी, रक्त."

मी धावत गेले. पिवळी बोटं लालभडक झाली होती. अगदी कुंकवासारखी.

"हे कशानं झालं?"

हळदीच्या गावात नांदायला येऊन मला दहा वर्षं झाली होती. हळदीचे डाग मी शेकड्यानं धुतले होते, ते लाल झालेलेही बघितले होते. पण का होतात, हे कधी मनात आलं नव्हतं. "मला नाही माहीत," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. निघाल्यापासून पहिल्यांदा, असं मला वाटलं. "तुला बी न्हाई माहीत?"

"नाही. बघायचं का?"

मग आमचे तीन-चार दिवस त्यातच गेले. जुन्या धोतराच्या चिंध्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवल्या. एकीवर साबण, लाल. एकीवर लिंबू, पिवळीच. मग श्रावणीनं लाल झालेल्या चिंधीवर लिंबू पिळलं आणि ती पुन्हा पिवळी झाली. तेव्हा ती आणि शौर्य दोघंही उठून उभे राहिले. रानाच्या मालकाची तंबाखूची डबी होती, त्यातला चुना मागून आणला. लाल. चुलीतली राख, थोडी लालसर. ताक, चिंच, कपडे धुवायचा सोडा. मालकांच्या सुनेनं सांगितलं की पूर्वी कुंकू असंच हळदीपासून करायचे. श्रावणी सगळं फळ्यावर लिहीत गेली. एका बाजूला लाल करणारे, दुसऱ्या बाजूला पिवळं ठेवणारे. आंबट ते सगळं एका बाजूला जमलंय, हे तिलाच दिसलं. मला तिनं हाताला धरून फळ्यासमोर नेलं.

संध्याकाळी रेंज आल्यावर मोबाईलवर आम्ही शोधलं, आणि तिच्या फळ्यावर होतं तेच निघालं. "आपलं बराबर हाय," ती म्हणाली. 'आपलं' हा शब्द मी त्या रात्री उगीच दोन-तीनदा मनात म्हणून पाहिला.

शर्ट उन्हात वाळत घातला होता. हळदीचा डाग ऊन खातं, हे मला ठाऊक होतं. आठवडाभरात पाच बोटं जवळजवळ नाहीशी झाली. अगदी जवळून बघितलं तर एक फिकट खूण दिसे.

त्याच रानात एक दिवस दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. फाल्गुनातला पाऊस म्हणजे शिजवून वाळत घातलेल्या हळदीवर दरोडा. भिजलेली हळद काळी पडते, सालभराची मेहनत जाते. मालक, त्यांच्या घरातल्या बाया, जोतिराम, मी, जो तो ताडपत्र्या घेऊन पळत सुटला. वारा ताडपत्री हातातून ओढत होता. श्रावणीनं एक टोक अंगाखाली घेतलं आणि त्यावर पालथी झोपली. तिचं बघून शौर्य दुसऱ्या टोकावर. थेंब टपोरे होते, त्यांच्या पाठीवर आवाज करत पडत होते. जोतिरामांनी दगड आणून दोन्ही टोकांवर ठेवले आणि पोरांना एकेका काखेत उचलून शेडमध्ये आणलं.

हळद वाचली. शेडमध्ये सगळे ओले, दाटीवाटीनं बसलो. मालकीणबाईंनी चहा केला. बायका म्हणाल्या, पोरी, काहीतरी म्हणून दाखव. मला वाटलं, आता ही मोकळी झाली आहे. मी म्हटलं, "तुमचा गॅदरिंगचा नाच दाखव की."

"तो एकटीचा न्हाई," श्रावणी म्हणाली. "आठ जणींचा हाय."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. जे आहे ते आहे, तसं म्हणाली. आणि मग वाचनाच्या पुस्तकातला एक धडा तिनं मोठ्यानं वाचून दाखवला, पत्र्यावरच्या पावसापेक्षा मोठ्यानं. तो नाच मी कधीच पाहिला नाही. त्याची चुटपुट अजून आहे. पण तो धडा ऐकताना जोतिराम भट्टीकडे पाठ करून, हातातला चहा निववत, शेवटपर्यंत बसून राहिले होते, हेही आहे.

पाडव्याच्या आधी आम्ही घरी आलो. पेपर झाले. श्रावणीला चांगले मार्क पडले, फार चांगले नाहीत. भूमितीचा एक भाग मी सोडून दिला होता, कारण कंपास घरी राहिला होता, आणि नेमका तोच आला. शौर्यला एकही कविता पाठ नव्हती, पण त्यानं शिंदे बाईंना त्यांच्या पर्सवरचं नाव वाचून दाखवलं. बाई हसल्या. मला म्हणाल्या, "वाचन सुटलं नाही. बरं केलंत." मला त्याहून जास्त कौतुक नको होतं. खरं सांगायचं तर थोडं हवं होतं.

पुढच्या वर्षी आत्याबाई चालत्याफिरत्या होऊन परत आल्या होत्या. आता मुलांनी घरी राहायला काहीच हरकत नव्हती. तरी माघ लागला तसं मी त्यांचं सामान काढू लागले. या वेळी कंपास आठवणीनं घेतला. एक भिंगही आणलं होतं, कराडहून.

श्रावणी दारात उभी राहून बघत होती. "मम्मी, मी न्हाई येत," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून जवळ आली. "गेल्या वर्षी लय मजा आली. पर मला शाळेत जायचंय. यंदा आमचं नाटक हाय."

"मी बी न्हाई," शौर्य म्हणाला. तो ताईचं ऐकूनच म्हणत होता, पण म्हणाला.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "जा तुमी दोघं," म्हणाल्या. "मी हाय."

कपडे परत कपाटात ठेवताना मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. मुलगी माझ्याशी अबोला न धरता नाही म्हणाली होती. ते तिला आधीच्या वर्षी जमलं नव्हतं.

त्या वर्षी पहिला मुक्काम पुन्हा कराडकडंच लागला. नदीजवळचं रान होतं. दिवसाचे ड्रम संपले, बायका घरी गेल्या, भट्टी निवत होती. मी भाकरी केल्या, दोघांच्याच. जेवणं झाली. ऊन कलत होतं, उसाच्या तुऱ्यांवर शेवटचा उजेड होता. मी उगीच इकडचं भांडं तिकडं ठेवत राहिले.

जोतिराम गादीवर आडवे झाले होते. "करमंना व्हय?" त्यांनी विचारलं.

"करमतंय की," मी म्हणाले. "पण दिवसभर एवढं काय काय दिसलं, ते सांगायला कुणी नाही असं झालंय."

त्यांनी कूस बदलून माझ्याकडं तोंड केलं.

"मला सांग की मग."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. मग मी पदर खोचून त्यांच्याजवळ बसले आणि सांगायला लागले. सकाळी पुलावरून येताना बघितलं होतं, तेच. नद्या एरवी एकमेकींना कडेनं येऊन मिळतात, पण इथं कृष्णा एका बाजूनं येते, कोयना अगदी समोरून येते, दोघी तोंडासमोर भेटतात आणि मग तिथनं वळून एकत्र पुढं जातात. त्यांनी हा पूल आयुष्यात शेकडो वेळा ओलांडला होता, ट्रॅक्टरवरून, समोर रस्त्याकडं बघत. ते कोपरावर उठून ऐकू लागले.

"समोरासमोर?"

"हो."

"आनि म्होरं जातं ते पानी कुणाचं म्हणायचं?"

"कृष्णेचंच म्हणतात."

"आसं कसं?" ते म्हणाले. "कोयनेचं बी हाय की त्यात."

मला माहीत नव्हतं. "सकाळी जाऊन बघू या," मी म्हणाले, आणि त्यांनी मान डोलावली.